अर्क, उंदीर आणि रुग्ण : जठरव्रणावरील वनस्पतींची कसोटी

(कर्जत, जि. अहिल्यानगर येथे ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज माझ्याकडे सोपविलेला विषय प्रथमदर्शनी प्रयोगशाळेतला वाटेल. औषधी वनस्पतींचे अर्क पोटातील व्रणापासून, म्हणजे आपण सर्वजण ज्याला ‘अल्सर’ म्हणतो त्यापासून, संरक्षण देतात काय आणि ते तपासतात कसे, हा तो विषय. मी वैद्य नाही आणि डॉक्टरही नाही. कला शाखेचा पदवीधर असून माहिती पोचविणे हे माझे काम आहे. तथापि, हा विषय प्रयोगशाळेच्या दारातच थांबत नाही, म्हणून त्यावर बोलण्याचे धाडस करीत आहे. वर्तमानपत्रातील चौकट, आठवडे बाजारातील जडीबुटीवाल्याची पथारी आणि अलीकडे हातोहाती फिरणारे मोबाइलवरील संदेश यांतून तो आपल्या घरात येतो. ‘अमुक पाल्याने अल्सर बरा होतो, हे शास्त्रज्ञांनी सिद्ध केले आहे,’ असे वाक्य आपण ऐकतो. त्या वाक्यातील ‘सिद्ध’ या शब्दाचे खरे वजन किती, हे आज आपण पाहू या.

कर्जत आणि हा विषय

आपला तालुका पर्जन्यछायेचा. एका अंगाला सीना, दुसऱ्या अंगाला भीमा, आणि मध्ये मुरमाड माळ. रेहेकुरीच्या काळवीट अभयारण्याकडे गेले म्हणजे गवत आणि काटेरी झुडपे यांचे जे रूप दिसते, तेच थोड्याफार फरकाने आपल्या बांधांवर आणि गायरानांत आहे. बाभूळ, बोर, तरवड, कडुनिंब, कोरफड आणि कुंपणावर चढलेली शतावरी यांची नावे येथील शाळकरी मुलालाही ठाऊक आहेत. औषधी वनस्पती हा आपल्याकडे पुस्तकी विषय नाही.

शिवाय या जिल्ह्याला आयुर्वेदशिक्षणाची जुनी परंपरा आहे. वैद्य गंगाधरशास्त्री गुणे यांनी १९१७ साली नगर येथे आयुर्वेद महाविद्यालय सुरू केले. ‘आयुर्वेदीय औषधीगुणधर्मशास्त्र’ हा त्यांचा ग्रंथ वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. औषधाचा गुण केवळ ऐकीव न ठेवता तो मांडावा, शिकवावा आणि पारखावा, ही दृष्टी आपल्या जिल्ह्यात शंभर वर्षांपूर्वीच रुजली होती, हे अभिमानाने सांगता येईल.

दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. जिल्ह्याच्या दक्षिण भागातून हजारो कुटुंबे दरवर्षी ऊसतोडणीस जातात. दिवसभर वाकून काम केले की कंबर दुखते, गुडघे धरतात. मग दुकानातून एक गोळी आणली जाते आणि पुष्कळदा ती उपाशीपोटी घेतली जाते. पोटात जळजळ सुरू झाली की सोडा घेतला जातो, आणि सोड्याने भागले नाही की कोणी तरी एखादे चूर्ण सुचवितो. या साखळीतला प्रत्येक दुवा आपल्या विषयाशी जोडलेला आहे.

व्रण का होतो?

जठरात अन्न पचविण्यासाठी तीव्र आम्ल पाझरते. ते इतके तीव्र असूनही जठर स्वतः पचून जात नाही. कारण आतल्या बाजूस बुळबुळीत द्रवाचे अस्तर असते, त्या अस्तराखाली रक्तपुरवठा चालू असतो आणि झिजलेल्या पेशींच्या जागी नव्या पेशी सतत तयार होत असतात. आम्लाचा मारा आणि अस्तराचा बचाव यांचा तोल ढळला की जठरात किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात जखम होते. तोच व्रण.

हा तोल का ढळतो, याविषयीची समजूत आपल्या हयातीतच बदलली. पूर्वी चिंता, जागरण आणि तिखट खाणे हीच मुख्य कारणे समजली जात. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथील रॉबिन वॉरन व बॅरी मार्शल यांनी १९८२ साली जठरात राहणारा एक जिवाणू वेगळा काढला. पुढे त्याला हेलिकोबॅक्टर पायलोरी हे नाव मिळाले. एवढ्या आम्लात जिवाणू जगेल यावर प्रथम कोणी विश्वास ठेवीना, तेव्हा मार्शल यांनी १९८४ साली त्या जिवाणूचे द्रावण स्वतः प्राशन केले आणि त्यांच्या जठराला दाह झाला. या कार्यासाठी दोघांना २००५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. जगातील निम्म्याच्या आसपास लोकांच्या पोटात हा जिवाणू असतो. त्यांतील बहुतेकांना व्रण होत नाही. परंतु ज्यांना व्रण होतो, त्यांच्या बाबतीत तो एक प्रमुख कारण ठरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ साली त्याची गणना कर्करोगकारकांत केली आहे.

दुसरे प्रमुख कारण वेदनाशामक गोळ्या. ॲस्पिरिन व तिच्या जातीची औषधे प्रोस्टाग्लँडिन नावाच्या द्रव्यांची निर्मिती रोखतात, हे जॉन व्हेन यांनी १९७१ साली दाखविले. त्या द्रव्यांमुळे वेदना व सूज निर्माण होते, म्हणून गोळीने आराम पडतो. परंतु जठराच्या अस्तराचे रक्षणही हीच द्रव्ये करतात. एकाच गोळीने गुडघ्याला सुख आणि पोटाला दुःख का होते, याचे उत्तर येथे आहे.

आपल्या पूर्वजांनी या विकारांची लक्षणे बारकाईने टिपली होती. माधवनिदानात अम्लपित्ताचे वर्णन आहे, आणि अन्न पचत असताना उठणाऱ्या वेदनेला परिणामशूल असे स्वतंत्र नाव दिलेले आहे. आतड्याच्या व्रणाशी या परिणामशूलाचे साम्य अनेक वैद्यांनी दाखविले आहे. मात्र त्या काळी पोटात दुर्बीण घालून जखम पाहण्याची सोय नव्हती. लक्षणावरून ठरविलेला रोग आणि डोळ्यांनी पाहिलेला व्रण हे दर वेळी एकच असतील असे नाही, एवढे भान ठेवून जुन्या ज्ञानाकडे पाहावयास हवे.

कसोटी कशी लावतात?

आता प्रत्यक्ष तपासणीकडे वळू. पहिली पायरी वनस्पतीची ओळख. ही पायरी क्षुल्लक नाही. ‘ब्राह्मी’ या एकाच नावाने दोन अगदी वेगळ्या वनस्पती देशात विकल्या जातात. म्हणून संशोधक फांदी, पान, फूल यांसह वाळविलेला नमुना भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पुण्यातील पश्चिम विभागासारख्या संस्थेकडून ओळखून घेतात आणि तो नमुना जपून ठेवतात. पुढे शंका निघाल्यास मूळ वनस्पती कोणती, हे त्यावरून पडताळता येते.

दुसरी पायरी अर्काची. मूळ, साल किंवा पान सावलीत वाळवून त्याची भरड करतात आणि ती पाण्यात, मद्यार्कात किंवा अन्य द्रावकात उतरवितात. द्रावक उडून गेल्यावर जो घट्ट अंश राहतो तो अर्क. पाण्यात एक द्रव्य उतरते, मद्यार्कात दुसरे. म्हणून ‘अमुक झाडाचा अर्क’ एवढे सांगणे अपुरे असते. कोणत्या भागाचा आणि कशात काढलेला, हे सांगावे लागते.

तिसरी पायरी सुरक्षिततेची. प्रथम अर्काने विषबाधा होते काय हे पाहतात आणि मगच गुण तपासतात. प्राण्यांवरील प्रयोगांवर १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याखालील समितीची देखरेख असते, आणि प्रत्येक संस्थेतील नैतिकता समितीची आधी मंजुरी घ्यावी लागते. प्रयोगाअंती प्राण्याला वेदनारहित मरण देऊन त्याचे जठर उघडून पाहतात. एक जीव खर्ची पडत असल्याने प्रयोग नीट आखलेला असणे आणि त्याचा निष्कर्ष प्रामाणिकपणे सांगितला जाणे, ही विज्ञानाबरोबरच नीतीचीही बाब आहे.

चौथी पायरी मुख्य प्रयोगाची. पांढऱ्या उंदरांचे साधारणपणे सहा-सहांचे गट करतात. एका गटाला नुसते पाणी, एकाला आधीच गुण सिद्ध झालेले ओमेप्राझोलसारखे औषध, आणि उरलेल्या गटांना अर्काच्या कमीअधिक मात्रा देतात. त्यानंतर जठराला मुद्दाम इजा करतात. त्याच्या अनेक रीती आहेत. हॅरी शे व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४५ साली सांगितलेल्या रीतीत उपाशी उंदराच्या जठराचे खालचे तोंड बांधून आम्ल साचू देतात. दुसऱ्या रीतीत तीव्र मद्यार्क पाजतात, तिसरीत ॲस्पिरिन किंवा इंडोमेथासिन देतात, तर चौथीत प्राण्याला थंडीत जखडून ताण देतात. काही तासांनी जठर उघडून व्रण मोजतात, त्यांच्या लांबी-रुंदीवरून गुण देतात, आम्लाचे प्रमाण व अस्तरातील द्रव तपासतात. अर्काच्या गटात व्रण कमी आढळले आणि तो फरक योगायोगाचा नाही असे गणिताने दिसले, की ‘अर्काने संरक्षण दिले’ असा निष्कर्ष निघतो.

एकापेक्षा अधिक रीती का वापरतात? प्रत्येक रीत वेगळा प्रश्न विचारते म्हणून. जठराचे तोंड बांधण्याच्या रीतीत आम्ल कमी झाले काय हे कळते, तर मद्यार्काच्या रीतीत अस्तर बळकट झाले काय हे कळते. एका रीतीत उत्तीर्ण झालेला अर्क दुसरीत अनुत्तीर्ण होऊ शकतो.

राखण वेगळी, दुरुस्ती वेगळी

आता मी ज्या मुद्द्यासाठी येथे उभा आहे, त्याकडे आपले लक्ष वेधतो. वरील बहुतेक प्रयोगांत अर्क आधी देतात आणि इजा नंतर करतात. मद्यार्क पाजण्यापूर्वी तासभर किंवा काही दिवस अर्क चालू असतो. म्हणजे प्रयोगाने दाखविलेली गोष्ट राखणीची आहे. रुग्ण मात्र आपल्याकडे येतो तो व्रण झाल्यानंतर. विहिरीला कठडा बांधणे आणि विहिरीत पडलेल्याला बाहेर काढणे ही दोन्ही कामे मोलाची आहेत. परंतु कठडा भक्कम आहे म्हणून पडलेला माणूस आपोआप वर येत नाही.

झालेला व्रण भरून काढण्याची कसोटीही शास्त्रज्ञांकडे आहे. जपानमधील संशोधकांनी रूढ केलेल्या रीतीत ॲसिटिक आम्लाने खोल व्रण करून, त्यानंतर अनेक दिवस औषध देऊन तो भरतो काय हे पाहतात. परंतु ही कसोटी वेळखाऊ असल्याने अनेक लहान अभ्यास पहिल्याच टप्प्यावर थांबतात. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की या नेहमीच्या प्रयोगांतील उंदराच्या व्रणामागे हेलिकोबॅक्टर जिवाणू नसतो. ज्या माणसाचा व्रण जिवाणूमुळे झाला आहे, त्याला अस्तर राखणाऱ्या अर्काने थोडा आराम वाटेलही. पण जिवाणू जागच्या जागी राहील आणि व्रण परत येईल. जिवाणू घालविण्यासाठी आम्ल कमी करणाऱ्या औषधाबरोबर दोन प्रतिजैविके साधारणतः १४ दिवस पूर्ण घ्यावी लागतात.

माणसावरील चाचणीत आणखी एक अडचण असते. पोटातील व्रण कधीकधी आपला आपण भरतो. ज्या चाचण्यांत एका गटाला औषधाच्या नावाने निर्गुण गोळी दिली गेली, त्या गटातीलही तिसरा हिस्सा किंवा त्याहून अधिक रुग्णांचे व्रण महिन्याभरात भरल्याचे आढळले आहे. शंभर लोकांनी एखादे चूर्ण घेतले आणि चाळीस बरे झाले, तर चूर्णवाल्याला चाळीस साक्षीदार मिळतात. पण चूर्ण न घेता किती बरे झाले असते, हे तुलना केल्याशिवाय समजत नाही. त्या चाळिसांपैकी कोणी खोटे बोलत नसतो, तरीही त्यांची साक्ष पुरावा ठरत नाही.

चार वनस्पतींची कहाणी

यावरून वनस्पतींत काही अर्थ नाही, असा समज कृपया करून घेऊ नये. वस्तुस्थिती उलट आहे. चार उदाहरणे सांगतो.

पहिले ज्येष्ठमधाचे. नेदरलँड्समधील डॉ. रेव्हर्स यांनी १९४६ साली जठरव्रणाच्या रुग्णांना ज्येष्ठमधाच्या सत्त्वाचा उपयोग होतो असे नोंदविले. मात्र काही रुग्णांच्या अंगावर सूज आल्याचेही त्यांनी लपविले नाही. पुढे ज्येष्ठमधातील द्रव्यापासून कार्बेनॉक्सोलोन हे औषध इंग्लंडमध्ये तयार झाले, आणि रिचर्ड डॉल व त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांवर तुलनात्मक चाचणी करून १९६२ साली ते जठरव्रणावर उपयोगी असल्याचे दाखविले. वनस्पतीपासून रुग्णापर्यंतची वाट अशी पूर्ण झाली. परंतु अंगात पाणी साठणे, रक्तदाब वाढणे आणि पोटॅशियम घटणे हे दोष त्यात राहिले, आणि पुढे अधिक सुरक्षित औषधे आल्यावर ते मागे पडले. आजही रक्तदाब असलेल्या माणसाने ज्येष्ठमधाचे चूर्ण महिनोन्‌महिने घेणे धोक्याचे आहे. ‘वनस्पती आहे, अपाय होणार नाही,’ ही समजूत या एका उदाहरणाने खोटी ठरते.

दुसरे उदाहरण केळ्याचे. बनारस हिंदू विश्वविद्यालयात डॉ. सन्याल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० नंतरच्या दशकात कच्च्या केळ्याच्या भुकटीवर प्रयोग केले. इंग्लंडमधील ॲस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी १९८४ साली ‘ब्रिटिश जर्नल ऑफ फार्माकॉलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले, की भाजीच्या कच्च्या केळ्याची वाळविलेली भुकटी ॲस्पिरिनमुळे होणाऱ्या व्रणापासून उंदरांचे रक्षण करते आणि झालेला व्रण भरण्यासही मदत करते. राखण आणि दुरुस्ती या दोन्ही कसोट्या येथे लावल्या गेल्या, म्हणून हा प्रयोग विशेष. तरीही तो भाजीच्या कच्च्या केळ्यावर आणि उंदरांवर झालेला आहे. बाजारातील पिकलेल्या केळ्याला तोच निष्कर्ष चिकटवता येत नाही.

तिसरे उदाहरण आपल्या पाराजवळच्या कडुनिंबाचे. कोलकाता येथील भारतीय रासायनिक जीवविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांनी कडुनिंबाच्या सालीचा पाण्यात काढलेला अर्क प्रथम प्राण्यांवर तपासला. आम्ल सोडणाऱ्या पेशींतील यंत्रणेला तो आवर घालतो, असे त्यांना दिसले. नंतर त्यांनी तो रुग्णांना दिला आणि २००४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. ३० मिलिग्रॅम अर्क दिवसातून दोनदा दहा दिवस दिल्यावर आम्लाचा स्राव ७७ टक्क्यांनी घटला. दहा आठवड्यांच्या उपचाराने लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातील व्रण जवळजवळ पूर्ण भरल्याचे क्ष-किरण व दुर्बिणीच्या तपासणीत आढळले. ही गोष्ट निश्चितच आशादायक आहे. परंतु रुग्णांची संख्या थोडी होती, आणि दिलेली वस्तू म्हणजे मोजूनमापून गोठवून वाळविलेला अर्क होता. झाडाची साल ओरबाडून घरी उकळलेल्या काढ्यात किती द्रव्य उतरले, हे कोणालाच सांगता येणार नाही.

चौथे उदाहरण आपल्या मुंबईचे आणि शतावरीचे. के. ई. एम. रुग्णालयाशी संलग्न सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी १९९० साली आठ निरोगी पुरुषांवर शतावरीच्या मुळाची तुलना मेटोक्लोप्रामाइड या औषधाशी केली. जठर अर्धे रिकामे होण्यास लागणारा वेळ शतावरीने सुमारे १६० मिनिटांवरून सुमारे १०० मिनिटांवर आला. अन्न जठरात फार वेळ रेंगाळल्याने पोट जड होणे, करपट ढेकर येणे या तक्रारींवर वैद्य शतावरी का देतात, याचा एक धागा या प्रयोगाने हाती लागला. मात्र संशोधकांनी शतावरीने व्रण बरा होतो असे म्हटले नाही. त्यांनी जेवढे मोजले तेवढेच सांगितले. चांगल्या संशोधनाची खूण हीच होय.

मात्रेचे गणित

शिक्षकबंधूंना वर्गात घेता येईल असे एक साधे गणित सांगतो. समजा, उंदरावर एखाद्या अर्काची गुणकारी मात्रा शरीराच्या दर किलो वजनास २०० मिलिग्रॅम आढळली. थेट गुणाकार केला तर ६० किलोच्या माणसाला १२ ग्रॅम अर्क लागेल. परंतु लहान प्राण्याच्या शरीरात औषध वेगाने खर्च होते. म्हणून शरीराच्या पृष्ठभागावर आधारित हिशेबात उंदराची मात्रा ६.२ ने भागतात. म्हणजे किलोला सुमारे ३२ मिलिग्रॅम, आणि ६० किलोच्या माणसाला सुमारे १.९ ग्रॅम अर्क. आता १०० ग्रॅम चूर्णातून १० ग्रॅम अर्क निघत असेल, तर एवढ्या अर्कासाठी सुमारे १९ ग्रॅम चूर्ण लागेल. चिमूटभर चूर्ण कोमट पाण्यातून घेणाऱ्याला प्रयोगातील मात्रेच्या जवळपासही जाता येत नाही, आणि मुठीने घेणाऱ्याला आपण किती घेतले हे कळत नाही. हा हिशेबसुद्धा अंदाजाचा आहे. माणसासाठीची खरी मात्रा माणसांवरील चाचणीतूनच ठरते.

आपले कर्तव्य

सभाजनहो, या माहितीचा आपल्या कामात उपयोग काय, असे आपण विचाराल. मला चार प्रश्न सुचतात. कोणीही, कोणत्याही वनस्पतीविषयी दावा केला की ते विचारावेत. वनस्पती नेमकी कोणती आणि ती कोणी ओळखली? कोणता भाग आणि तो कशात उतरविला? तपासणी कोणावर झाली : उंदरावर, निरोगी माणसावर, की रुग्णावर? आणि तुलना कशाशी केली? हे चार प्रश्न शाळेच्या फळ्यावर लिहिता येतील आणि ग्रामसभेतही विचारता येतील. ज्याच्याजवळ खरे ज्ञान आहे, तो वैद्य या प्रश्नांनी रागावणार नाही.

दुसरी गोष्ट धोक्याच्या खुणांची. डांबरासारखी काळी शौचास होणे, रक्ताची किंवा कॉफीच्या रंगाची उलटी, एकाएकी पोटात असह्य कळ येऊन पोट लाकडासारखे कडक होणे, विनाकारण वजन घटणे, घास अडकणे यांपैकी काहीही आढळले तर चूर्ण, काढा, सोडा यांत एक दिवसही न घालविता रुग्णाला रुग्णालयात पोचवावे. रक्तस्राव होत असलेल्या किंवा जठराला छिद्र पडलेल्या माणसाला कोणताही अर्क वाचवू शकत नाही; वेळेवर मिळालेला उपचारच वाचवितो. आशाताई आणि अंगणवाडी सेविका यांच्यामार्फत ही यादी प्रत्येक वस्तीवर गेली पाहिजे, विशेषतः ऊसतोडणीस निघणाऱ्या टोळ्यांपर्यंत. वेदनाशामक गोळी उपाशीपोटी आणि दिवसामागून दिवस घेऊ नये, डॉक्टरांना विचारून घ्यावी, हेही त्याच वेळी सांगावे.

तिसरी गोष्ट कायद्याची. १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या अनुसूचीत जठर व आतड्यांच्या व्रणांचा समावेश आहे. म्हणजे ‘अल्सर हमखास बरा’ अशी औषधाची जाहिरात करणे हा अपराध आहे, मग ती हस्तपत्रकात असो वा भिंतीवर. असे फलक दिसल्यास अन्न व औषध प्रशासनास कळवावे. बिननावाच्या पुडीत वेदनाशामक औषधे किंवा स्टेरॉइड मिसळल्याचे प्रकार देशात वेळोवेळी उघडकीस आले आहेत. पोटासाठी घेतलेल्या पुडीनेच पोटाला व्रण व्हावा, यासारखी विटंबना नाही. आयुर्वेदीय औषध घ्यावयाचेच तर ते नोंदणीकृत वैद्याच्या सल्ल्याने, परवाना क्रमांक असलेल्या वेष्टनातून घ्यावे, आणि इतर कोणती औषधे चालू आहेत हे वैद्य व डॉक्टर या दोघांनाही सांगावे.

चौथी गोष्ट वनस्पतींच्या रक्षणाची, आणि ती सर्वस्वी ग्रामपंचायतींच्या हातात आहे. एखाद्या वनस्पतीचा गुण जाहीर झाला की तिच्यावर कुऱ्हाड येते. डॉ. रुस्तम वकील यांनी मुंबईत सर्पगंधेवर केलेला रक्तदाबाचा अभ्यास १९४९ साली प्रसिद्ध झाला आणि जगाचे लक्ष या वनस्पतीकडे वळले. त्यानंतर तिची इतकी खोदाई झाली, की १९९० साली तिचा समावेश आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्या वनस्पतींच्या यादीत करावा लागला. कडुनिंबाची साल खोडाभोवती गोल काढली तर झाड वाळते. शतावरीची सर्व मुळे उपटली तर वेल संपते. मधला गड्डा व काही मुळे राखली तर ती पुन्हा फुटते. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावयास हवी आणि गावातील वनस्पती व त्यांविषयीचे लोकज्ञान नोंदवहीत उतरावयास हवे. ही नोंदवही कपाटातील कागद न राहता, जाणती वृद्ध माणसे, वैद्य व शाळेतील मुले यांना एकत्र बसवून भरली गेली पाहिजे. ज्या म्हाताऱ्या आजीला पोटशूळावरची मुळी ठाऊक आहे, तिचे ज्ञान नोंदविले गेले तरच उद्या कोणी तरी ते कसोटीला लावू शकेल.

थोडक्यात सांगावयाचे तर, परंपरेने आपल्याला कोठे शोधावे हे सांगितले आहे, आणि प्रयोगशाळेने काय खरे उतरले हे सांगावयाचे आहे. उंदराच्या जठरावर दिसलेला गुण हे त्या वाटेवरचे पहिले गाव आहे. तेथे पोचणाऱ्या संशोधकाचे कौतुक करावे. परंतु तेच मुक्कामाचे ठिकाण समजून रुग्णाला तेथे उतरवू नये. ‘उंदरांत संरक्षण आढळले’ हे वाक्य गावात पोचविताना त्यातील ‘उंदरांत’ हा शब्द गळू न देणे, एवढे काम आपण सर्वांनी मिळून केले तरी पुष्कळ साधेल. त्या एका शब्दाने एखाद्या रुग्णाची पावले वेळेवर रुग्णालयाकडे वळू शकतील.